‘चालू आहे’ म्हणजे नेमकं काय

माझे वडील गावात पाणी सोडायचे. ग्रामपंचायतीची नोकरी. सकाळी लांब दांड्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचे आणि परत येऊन चहा प्यायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. इंजिनीअर झालेली तर सगळ्या भावकीतही पहिलीच. हे मी कुणी न विचारता सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या डॉक्टर असतात, ते तरी कुठे गप्प बसतात?

या हिवाळ्यात वडील पहिल्यांदा माझ्याकडे नेदरलँड्सला आले. नीउ-व्हेनेपला माझं भाड्याचं छोटं घर आहे. आल्या आल्या त्यांनी घर पाहिलं नाही, आधी नळ सोडून पाहिला.

"चोवीस तास येतं?"

"येतं."

"आन् सोडतं कोण?"

याचं उत्तर मला येईना. मग पुढचे चार दिवस, भाजी चिरताना, बूट घालताना, कधीही, "इंजिनीअर बाई, पाणी सोडतं कोण ते कळलं का?" असं विचारून त्यांनी मला छळलं.

माझं काम मात्र त्यांना लगेच कळलं. मी इथल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. ही कंपनी कुंड्यांमधली रोपं ट्रक भरभरून दुकानांना पाठवते. तिच्याकडे आठ होस्ट आहेत. होस्ट म्हणजे दणकट संगणक, आणि त्याच्या पोटात वीस-पंचवीस आभासी संगणक बिऱ्हाड करून राहतात. एक लेबलं छापतो, एक ट्रकांच्या वेळा बघतो, एक पगार काढतो. आठ होस्ट एकत्र बांधले की त्याला क्लस्टर म्हणायचं. एका घरमालकाने हातपाय गाळले की त्याची बिऱ्हाडं उरलेले सात जण वाटून घेतात. माणसांत अशी सोय नाही.

हे होस्ट स्वभावाने अबोल. स्वतःहून तब्येत सांगत नाहीत, विचारलं तरी सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्येक होस्टवर एसएनएमपी नावाची एक सेवा सुरू करावी लागते. ती चालू असली की बाहेरून कुणी हाक मारली तर होस्ट ओ देतो. पंखे ठीक आहेत, ताप इतका आहे, डिस्क इतकी भरली आहे. ती बंद असेल तर होस्ट आतून भाजून निघाला तरी तोंड उघडणार नाही.

आमच्याकडे या सेवेशिवाय, आडवाटेने तब्येत विचारणारी एक जुनी यंत्रणा होती. ती इतकी म्हातारी झाली होती की तिचीच तब्येत कुणीतरी विचारायला हवी होती. नवी यंत्रणा आणली, तिला ही सेवा हवी. म्हणून काम दोघींत वाटलं गेलं. मी आठही होस्टवर सेवा चालू करायची, आणि ती झाली की पुण्यात बसलेल्या ताईंनी जुनी यंत्रणा बंद करायची. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. पुण्यातल्या एका कंत्राटी कंपनीतर्फे सहा वर्षं आमचंच काम करत होत्या. आम्ही प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो, पण माझ्या आमटीत नेमकं काय चुकतं ते त्यांना ठाऊक होतं.

हे काम माझ्यासाठी साधं नव्हतं. माझा करार वर्षाचा होता आणि मार्चअखेर संपत होता. पुढे कायमचा करार द्यायचा की हात हलवून निरोप द्यायचा, ते आमचा प्रमुख ठरवणार होता. (इथे प्रमुखालाही अरे-तुरे करतात. पहिला महिना माझी जीभ वळेना, आता वळते, जरा जास्तच वळते.) माझा इथे राहण्याचा परवाना नोकरीवर. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर बोजाबिस्तरा बांधा. वडिलांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, लेक तिकडे कायम झाली आहे. गावात तसं त्यांनी सांगूनही टाकलं होतं.

तो शुक्रवार. दुपारी साडेतीनपर्यंत माझे सहा होस्ट झाले होते. प्रत्येकावर जायचं, सेवेची परवलीची खूण लिहायची, फायरवॉलला सांगायचं की हिला वाट दे, मग सुरू करायची. एकेक होस्ट ओ देऊ लागला आणि माझी छाती फुगत गेली. सातव्याला हात घालणार तेवढ्यात वडिलांचा फोन.

"काम चाललंय का?"

"हो. का?"

"न्हाई, काय न्हाई. सावकाश ये."

वडील "सावकाश ये" म्हणतात तेव्हा धावत जायचं असतं. "कुठे आहात तुम्ही?"

"दारात."

"आत जा की मग."

"दार आतून लागलंय."

"आतून कुणी लावलं?"

"तेच बघतोय."

काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला ते चपलांवर, स्वेटर न घालता बाहेर पडले होते आणि वाऱ्याने दार ओढून घेतलं होतं. इथली दारं एकदा लागली की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावलीही होती, जशी मी बैठकांमध्ये डोलावते. बाहेर तीन अंश तापमान आणि डोळ्यांत पाणी आणणारा वारा. मी प्रमुखाला ओरडून सांगितलं की वडील बाहेर अडकलेत, आणि सायकल काढली.

अर्ध्या वाटेत, सिग्नलला, खिशातला फोन थरथरला. ताईंचा निरोप. एरवी आम्ही कामाचं इंग्रजीत लिहितो, पण शुक्रवारी संध्याकाळी माणसाचं इंग्रजी संपतं. पुण्यात तेव्हा आठ वाजले होते. त्यांनी विचारलं होतं, "सगळे चालू का?"

इथे सायकल चालवताना हातात फोन धरला तर दंड होतो. म्हणून एक पाय जमिनीवर टेकून, हातमोजा दातांत धरून, गारठलेल्या अंगठ्याने मी लिहिलं, "हो, चालू आहे." सिग्नल हिरवा झाला. मी निघाले.

आता मराठी माणसाला यात काही खटकणार नाही. गोम तीच. मला म्हणायचं होतं, काम चालू आहे. रस्त्याच्या कडेला पाटी असते ना, ‘काम चालू आहे’, आणि ते वर्षभर चालूच असतं, तसं. ताईंनी वाचलं, सेवा चालू आहे. पंखा चालू आहे, दिवा चालू आहे, तसं. त्यांनी प्रश्नच तसा विचारला होता. त्यांनी जुनी यंत्रणा बंद केली, "झालं, गोड शनिवार-रविवार" असं लिहिलं आणि घरी गेल्या. ते मी वाचलं तेव्हा मी वडिलांचे पाय गरम पाण्याच्या टबात घालत होते. मला वाटलं त्या त्यांच्या दिवसाबद्दल बोलताहेत.

सातव्या होस्टचा एक पंखा शनिवारी बंद पडला. त्याने ते कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगायची सेवा मी सुरू केली नव्हती आणि ज्या म्हातारीने ते ओळखलं असतं तिला आम्ही निवृत्त केलं होतं. सोमवारी सकाळी कामाचा भार वाढला, होस्ट तापला आणि बंद झाला. त्याची बिऱ्हाडं दुसरीकडे हललीही, पण लेबलं छापणाऱ्याला नव्या घरात उठायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ट्रक दाराशी रांगेत उभे. चालकांनी आमच्या यंत्रातली सगळी कॉफी संपवली. नुकसान म्हणाल तर एवढंच. पण इथे नुकसान लहान असलं तरी बैठक मोठी असते. म्हातारीला तात्पुरतं परत कामावर बोलावलं आणि मंगळवारी दहाला बसायचं ठरलं. काय झालं, का झालं, कुणामुळे झालं.

सोमवारी दुपारी ताईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण आमटीची चौकशी नाही.

"ते स्क्रीनवर आपलं बोलणं लावणार आहेत. आमचे साहेब आत्ताच म्हणाले, पलीकडून तुमची चूक ठरली तर तुम्हाला या कामावरून काढावं लागेल. सहा वर्षं झाली गं. लेकीची बारावी आहे, मला आत्ता नवीन काही नको होतं."

"ताई, पण मी तर..."

"मी काही म्हणत नाही. त्या खोलीत मराठी येणारी तू एकटी. मी फोनवर असेन, पण मला विचारणार नाहीत. काय भाषांतर करतेस बघू." मग त्यांच्या नेहमीच्या तिरकस सुरात, "तिसराही अर्थ आहे हां चालूचा. लक्षात ठेव."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या तीन शब्दांकडे पाहत बसले. खरं सांगायचं तर मोह झाला. ‘काम चालू आहे’ हे खोटं नव्हतंच. मी तेच लिहिलं होतं. ताईंनी घाई केली, असं म्हणता आलं असतं, आणि ते ऐकायला अगदी सरळ वाटलं असतं. कराराला तीन आठवडे उरले होते.

संध्याकाळी सहाला जेवायला बसलो. ही डच वेळ वडिलांना फार आवडली होती. "ही माणसं आपल्यासारखीच येळेवर जेवत्यात, उगं लोकं नावं ठेवतात," म्हणायचे. मी भाकरी नुसती मोडत होते. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "मी पण दारात उभा राहून काय न्हाईच म्हणलो हुतो."

मग सगळं सांगितलं. कराराचंसुद्धा. कायम नाही हे ऐकून त्यांनी भाकरीचा घास खाली ठेवला, पण त्यावर काही बोलले नाहीत. बोलले ते पाण्यावर.

"आगं, शेवटच्या नळाला पाणी बघितलंस का?"

"म्हणजे?"

"व्हॉल्व्ह फिरवला म्हंजी पाणी चालू झालं असं आसतंय व्हय? मी फिरवायचो, आन् मग सायकल घिऊन आळीच्या शेवटच्या घरापतूर जायचो. तिथं नळाखाली हात धरायचा. हात भिजला, की मग म्हणायचं चालू. हात कोरडा आसंल तर तोंड बंद." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "एक डाव न्हाई गेलो. कट्टाळा केला. शेवटच्या घरी लगीन हुतं. सरपंचानी माझ्या जोडीदाराला फैलावर घेतलं, कारण त्या आळीला त्याचं नाव हुतं."

"मग?"

"मग काय. गेलो, म्हणलो, फिरवला मी, बघितला न्हाई मी. आठ दिस गाव मला ‘कोरडा हात’ म्हणत हुतं. नववा दिवस उजाडला, इसरले." मग माझ्या ताटाकडे बघून, "जेव आता. इंजिनीअर झालीस आन् भाकरी चुरून टाकतीस."

मंगळवारी बैठकीच्या खोलीत स्क्रीनवर आमची दोन वाक्यं होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. आमचा प्रमुख साठीला टेकलेला, दारातून वाकून आत येणारा. त्याने चष्मा वर केला आणि शब्द तोडून तोडून वाचला. "चा-लू. आहे. हे काय आहे?"

टेबलावरच्या फोनच्या पेटीतून ताई ऐकत होत्या.

"याचे दोन अर्थ होतात," मी म्हणाले. "एक, सेवा सुरू आहे. दोन, काम सुरू आहे, अजून संपलं नाही."

"तुला कुठला म्हणायचा होता?"

"दुसरा."

"आणि तिला कुठला कळला?"

"पहिला. आणि तिने बरोबर वाचलं. तिने सेवेबद्दल विचारलं होतं, मी कामाबद्दल उत्तर दिलं. चूक तिची नाही. सहाच झाले होते, ते मी लिहायला हवं होतं. एक आकडा पुरला असता."

त्याने स्क्रीनवर निरोपाची वेळ बघितली. "हे तू सायकलवर लिहिलंस?"

"थांबले होते. एक पाय जमिनीवर होता."

"बरं झालं. नाहीतर दंडही झाला असता." मग त्याने वहीत काहीतरी लिहिलं. "मला कळत नाही, तुम्ही लोक असा शब्द ठेवता कशाला, ज्याचे दोन उलटे अर्थ होतात? आम्ही बघ. ‘क्लार’ म्हणतो. क्लार म्हणजे झालं. संपलं."

इथे माझी जीभ वळलीच. मी म्हणाले, "सोमवारी तू दारात उभा राहून मला म्हणालास, क्लार? मी सामान आवरलं, घरी जायला निघाले. तू विचारत होतास बैठकीला तयार आहेस का."

त्याने चष्मा खाली घेतला.

"आणि मागच्या महिन्यात कॉफीचं यंत्र बिघडलं तेव्हा तू म्हणालास, मी याच्याशी क्लार आहे. तेव्हा त्याचा अर्थ होता, मला याचा वीट आला. म्हणजे तयार, संपलं आणि वीट आला. आमचे दोनच आहेत."

फोनच्या पेटीतून ताई खोकल्या. तीन आहेत हे त्यांना ठाऊक होतं, पण तिसरा त्यांनी काढला नाही.

प्रमुख हसला. इथली माणसं हसली म्हणजे माफ केलं असं समजू नये. तो लगेच म्हणाला, "ठीक. चूक तुझी. मी तसंच लिहितो. पुण्याच्या साहेबांनाही तेच कळवतो. पुढच्या वेळी काय बदलणार?"

मी तयारीनिशी आले होते, पण तयारीतलं काही आठवेना. तोंडातून निघालं, "शेवटच्या नळाखाली हात धरणार."

मग त्याला वडिलांचं सगळं सांगावं लागलं. गाव, चावी, आळी, लग्न. तो समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशाचा माणूस. पाण्याची गोष्ट म्हटल्यावर सावरून बसला. "आणि तुझे वडील अजून इथेच आहेत? त्यांना आण एकदा. आमच्या पाण्याचं त्यांना दाखवू."

दुपारी, सातव्याचा पंखा बदलून झाल्यावर, उरलेल्या दोन होस्टवर सेवा सुरू केली. दोघांनी ओ दिली. आता मी ‘झालं’ लिहिणार, तर वडिलांचा हात डोळ्यांसमोर आला. पाणी आत्ता आलं, पण उद्या सकाळी येईल का? मी आठव्या होस्टची बिऱ्हाडं शेजाऱ्यांकडे हलवली आणि त्याला बंद करून पुन्हा चालू केला. हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. कोरडा हात.

होस्ट उठला की सेवाही त्याच्याबरोबर उठावी, अशी एक खूण करायची असते. ती मी केलीच नव्हती. आठव्यावर नाही, सातव्यावर नाही, आणि ज्या सहांवर माझी छाती फुगली होती त्यांच्यावरही नाही. ते सगळे पुढच्या झोपेपर्यंतच बोलके होते. हे कुणाला कळलं नसतं. निदान पुढच्या झोपेपर्यंत नसतं कळलं.

मी उठून प्रमुखाकडे गेले. म्हटलं, "अजून एक आहे."

"आज?"

"आजच."

त्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "तुझ्या वडिलांना लवकर आण," एवढंच म्हणाला. मी आठही होस्टवर ती खूण केली. मग आठही, एकेक करून, झोपवले आणि उठवले, आणि आठदा हात धरला. आठदा भिजला. तेव्हा कुठे ताईंना लिहिलं. या वेळी लांबलचक लिहिलं. आठही होस्टवर सेवा सुरू आहे, पुन्हा चालू केल्यावरही आपोआप सुरू होते, मी स्वतः पाहिलं आहे. तुम्हीही एकदा हाक मारून बघा, मगच म्हातारीला कायमची झोपवा.

त्यांचं उत्तर आलं, "एवढं मोठं? बरी आहेस ना?" आणि पाच मिनिटांनी, "आठही बोलले. साहेब म्हणाले, तुम्ही इथेच राहा." आणि मग, "आमटीत चिंचेआधी गूळ घाल. किती वेळा सांगायचं."

आमच्या कामाच्या यादीत आता प्रत्येक ओळीपुढे एक नवा रकाना आहे. प्रमुखानेच काढला. त्याला त्याने डचमध्ये ‘क्रान’ नाव दिलं आहे, म्हणजे नळ. तिथे ज्याने स्वतः तपासलं त्याने आपलं नाव लिहायचं. नवीन माणसं विचारतात, हा नळ कुठला? मी सांगते. न विचारता थोडं जास्तच सांगते.

वडिलांना एका शनिवारी तो स्वतः पाणी उपसणाऱ्या एका पंपघरापर्यंत घेऊन गेला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मी भाषांतराला मध्ये उभी राहिले तर वडील म्हणाले, "तू बाजूला हो, तुझ्या भाषांतराची कीर्ती ऐकलीय मी." दोघं तासभर चाकांकडे बोटं दाखवत फिरले. परत आल्यावर वडिलांनी जाहीर केलं, "कळलं. इथं पाणी सोडणारा कुणी न्हाई. इथं समदे पाणी बाहेर काढणारेच."

मार्च संपायला चार दिवस असताना प्रमुखाने मला छोट्या खोलीत बोलावलं. म्हणाला, वर्षभराचा हिशेब बघितला तर तुझ्या चुका कमी नाहीत. पण तुझ्या दोन चुका मला तुझ्याकडून कळल्या, आणि दुसरी तर कुणालाच कळणार नव्हती. मग म्हणाला, "क्लार?"

मी विचारलं, "कुठला?"

"तयार. कायमच्या कराराला."

घरी येऊन दारातच ओरडले, "झालं! कायम!" वडील स्वेटर घालून, किल्ली गळ्यात अडकवून बसले होते. त्या शुक्रवारनंतर ते किल्ली गळ्यातून काढत नसत.

"कागद कुठाय?"

"सही सोमवारी आहे."

"मग सोमवारी ओरड," म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. पण पाठमोरे असताना त्यांनी डोळे पुसले. नळ सोडल्याचा आवाज मुद्दाम मोठा केला होता, तरी मला कळलं.

सोमवारी सही झाली. मी ताईंना लिहिलं, "करार चालू."

त्यांचं उत्तर लगेच आलं. "कुठलं चालू?"

मी सायकल बाजूला घेतली, दोन्ही पाय जमिनीवर टेकले, हातमोजे काढले आणि लिहिलं. "सही झाली आहे. कागद माझ्या पिशवीत आहे. वडील घरी तो दोनदा बघणार आहेत, उजेडात धरून. त्यांनी बघितल्यावर परत कळवते."